ऑटोफोकस नेमका कुठे चुकतोय, हे कसं शोधायचं

फोकस डोळ्यावर धरला होता. फोटो मोठा करून पाहिला तर पापण्या मऊ दिसतात आणि कानाजवळचे केस मात्र एकेक मोजता येतील इतके स्पष्ट. असं दोन-चारदा झालं की हात आपसूक मेनूतल्या फाइन ट्यूनकडे, म्हणजे ऑटोफोकस ठरावीक आकड्याने पुढेमागे सरकवणाऱ्या सेटिंगकडे जातो. तिथे जाण्याआधी थोडं थांबा. फाइन ट्यून एकाच प्रकारची चूक सुधारतं: दर वेळी त्याच दिशेला आणि साधारण तेवढ्याच अंतराने होणारी. फोकस कधी पुढे, कधी मागे पडत असेल तर आकडा बदलून काही साधत नाही, उलट जे फोटो बरे येत होते तेही बिघडतात. म्हणून चूक ठरावीक आहे की विस्कळीत, एवढं आधी ठरवायचं.

त्याच्याही आधी, हा दोष फोकसचाच आहे ना, ते पाहा. फोटो १०० टक्के मोठा करा आणि पुढेमागे काहीतरी शार्प सापडतंय का बघा: गवताचं पातं, सतरंजीचे धागे, शर्टाचं बटण. सापडलं तर फोकस सरकला आहे. कुठेच काही शार्प नाही आणि कडा एकाच दिशेने दुहेरी झाल्या आहेत, तर हात हलला. १/५०० सेकंदावर पुन्हा फोटो घेऊन खात्री करा. फ्रेमची एकच बाजू कायम मऊ येत असेल तर लेन्समधली काच मध्यापासून सरकलेली असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर ऑटोफोकसची कुठलीही सेटिंग चालत नाही. लांबच्या टेलिफोटोने तापलेल्या जमिनीवरून फोटो घेतले की हवा थरथरते. दोन फोटो सारखे येत नाहीत आणि दोष उगाच लेन्सच्या माथी बसतो.

सवयींमुळेही बरेच फोटो बिघडतात. मधल्या फोकस पॉइंटने फोकस लॉक करून मग कॅमेरा वळवायची पद्धत घ्या. फुल फ्रेमवर ८५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१.४, माणूस १.५ मीटरवर, कॅमेरा १० अंश वळवला: फोकसचं प्रतल डोळ्याच्या सुमारे सव्वादोन सेंटिमीटर मागे जातं. या लेन्सची शार्प पट्टी तिथे पुढची-मागची मिळून जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, एका बाजूला साधारण सव्वा. म्हणजे यंत्र अचूक चाललं तरी डोळा धूसर येणार, आणि तो हुबेहूब बॅक फोकससारखा (फोकस विषयाच्या मागे पडल्यासारखा) दिसणार. उपाय साधा आहे: डोळ्याजवळचा पॉइंट निवडा. याच जातीची आणखी दोन कारणं म्हणजे पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडणं (तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू धरतो) आणि सतत फोकसच्या मोडमध्ये शटरला फोकसपेक्षा प्राधान्य असणं, कारण मग फोकस लागायच्या आतच फोटो निघतो.

आता चाचणी. वर्तमानपत्राचा ठळक मथळा एका खोक्यावर सपाट चिकटवा. खोका कॅमेऱ्याला अगदी समोरासमोर ठेवा. त्याच्या शेजारी ३० सेंटिमीटरची पट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवा, पण १५ चा आकडा मथळ्याच्या प्रतलात आला पाहिजे. फोकस मथळ्यावरच धरायचा, पट्टीवर नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा खरा फोकस सेन्सर बहुधा मोठा असतो, त्यामुळे तिरक्या पट्टीवर धरला तर तो कुठला आकडा पकडेल याचा भरवसा नाही. पट्टी फक्त वाचायला.

अंतर फोकल लेंथच्या २५ ते ५० पट घ्या, म्हणजे ५० मिमीला सव्वा ते अडीच मीटर. ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फक्त मधला पॉइंट, सिंगल फोकस मोड. उजेड दिवसाचा असावा. पिवळ्या बल्बखाली काही लेन्सचा फोकस सरकतो. लेन्सवरचा फिल्टर काढा आणि माउंटचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसा.

व्ह्यूफाइंडरमधून १० फोटो घ्या. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग मुद्दाम फिरवून टाका, पाच वेळा अनंताकडे आणि पाच वेळा जवळच्या टोकाकडे. ही पायरी टाळली तर कॅमेरा लेन्स जागची हलवतच नाही आणि दहाही फोटो एकाच फोकसचे निघतात. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, आणखी ५ घ्या.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, या दोन वाटा वेगळ्या आहेत. व्ह्यूफाइंडर वापरताना प्रकाश मुख्य आरशातून आणि त्यामागच्या छोट्या आरशावरून तळाच्या फोकस सेन्सरकडे जातो. लाइव्ह व्ह्यूत आरसा वर असतो आणि मोजणी थेट फोटोच्या सेन्सरवर होते. तळाकडची वाट किंचित लांब-आखूड झाली की फ्रंट किंवा बॅक फोकस होतो. म्हणून लाइव्ह व्ह्यूचे फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे दहाही एकाच बाजूला सरकलेले असतील, तर फाइन ट्यून करायलाच हवं. दोन्हीकडे मऊ येत असेल तर मूळ दोष लेन्सच्या काचेत शोधा. दहा फोटो दहा जागी गेले असतील तर उजेड वाढवा, जास्त कॉन्ट्रास्टचं लक्ष्य घ्या, पुन्हा मोजा. तरीही पांगत असतील तर फोकस मोटर किंवा यंत्रणेतली ढिलाई असू शकते, आणि ते सर्व्हिस सेंटरचं काम.

फाइन ट्यूनचा आकडा कॅनन आणि निकॉनमध्ये ±२० पर्यंत जातो, पेंटॅक्समध्ये ±१० पर्यंत. पट्टीवर १५ च्या पुढचे, कॅमेऱ्याकडचे आकडे शार्प असतील तर तो फ्रंट फोकस. कॅनन-निकॉनवर अधिक आकडा फोकसला मागे ढकलतो. एकेकाने चढू नका. ‑१०, ०, +१० असे तीन संच घ्या, बरा वाटेल त्याच्या आसपास ५ च्या आणि शेवटी २ च्या टप्प्यांनी जा. निकॉनच्या डी५ आणि डी५०० मध्ये लाइव्ह व्ह्यूच्या आधारे हे आपोआप होतं, पण तिथेही तीन-चारदा करून मधला आकडा घ्या. एकाच मोजणीवर विसंबू नका.

झूम लेन्सला एकच आकडा क्वचित पुरतो. कॅनन ५डी मार्क ३ पासून वाइड आणि टेली टोकांना वेगळे आकडे देता येतात. एकच आकडा मिळत असेल तर तुम्ही जास्त वापरता त्या टोकाला जुळवा. सिग्माच्या यूएसबी डॉकवर (लेन्स कॉम्प्युटरला जोडायचं साधन) झूमसाठी ४ फोकल लेंथ गुणिले ४ अंतरं, अशी १६ मूल्यं भरता येतात.

काही उघड्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये एक फसवा प्रकार असतो. एफ/१.४ ला नेमका लागलेला फोकस एफ/२.८ ला मागे सरकतो, कारण काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी मिळत नाहीत. डीएसएलआर फोकस उघड्या अ‍ॅपर्चरवर मोजतो आणि छिद्राच्या पाकळ्या नंतर मिटवतो, त्यामुळे त्याला हे कळत नाही. तुम्ही बहुतेक एफ/२.८ वर काम करत असाल तर फाइन ट्यूनही त्याच अ‍ॅपर्चरवर करा.

मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, वेगळी वाट नाही, म्हणून ठरावीक दिशेने होणारी चूकही सहसा नसते. तिथे चुका होतात त्या चौकोन विषयापेक्षा मोठा असल्याने (फांदीतला पक्षी सोडून मागची पानं धरली जातात) किंवा विषयावर फक्त आडव्या रेघा असल्याने. अनेक सेन्सर उभ्या रेघाच नीट वाचतात. आडव्या पट्ट्यांच्या पडद्यावर फोकस लागत नसेल तर कॅमेरा ९० अंश फिरवून बघा, बऱ्याचदा लगेच लागतो.

दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर बॉडी आणि लेन्स दोन्ही द्या, सोबत आकडा ० वर ठेवून घेतलेले चाचणीचे मूळ फोटो जोडा. फक्त लेन्स दिली असेल तर ती परत आल्यावर बॉडीतला जुना आकडा आठवणीने पुसा. तो त्या लेन्सच्या नावाने साठलेला असतो आणि नीट झालेली लेन्स पुन्हा चुकवतो.