ब्रेक चीं-चीं करतायत? खाऱ्या हवेत या चुका टाळा

दापोली, गुहागर, मालवण या पट्ट्यात गाडीचे ब्रेक वाजू लागले की पहिला सल्ला मिळतो, पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे तुकडे) बदला. नवे पॅड पडतात, काही दिवस शांतता असते आणि मग पुन्हा तोच आवाज. खाऱ्या, दमट हवेत पॅड संपायच्या आधी त्यांच्याभोवतीचं लोखंड गंजतं. ते उघडून साफ केलं नाही तर महागातले पॅडही वाजणारच. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आवाज नीट ऐका.

सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या चार-पाच ब्रेकला घासल्यासारखा आवाज येऊन थांबत असेल, तर काहीच करू नका. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, बिडाची असते आणि उघडीच असते. रात्रीत तिच्यावर तांबूस थर चढतो आणि पॅडच तो पुसून काढतात. दिवसभर, प्रत्येक ब्रेकला चीं-चीं होत असेल तर चाक काढून बघायला हवं. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्री पट्टी असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते. उरलेला थर ३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर पॅड बदला, तेही पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम. आणि आवाज खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा असेल तर गाडी जागेवरच ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.

तांबड्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश आवाज सुरू झाला, ब्रेक न दाबताही येतो? डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. मोकळ्या जागी हळू मागे-पुढे केल्यावर तो कधीकधी पडतो, नाहीतर चाक काढून काढावा लागतो.

तेल मारू नका

ही सगळ्यात धोक्याची चूक. आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर खोबरेल, इंजिन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला तर आवाज जातो, पण त्याबरोबर ब्रेकही जातो. पॅड तेल शोषून घेतो, धुऊन ते निघत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. डिस्क पुसायला फक्त ब्रेक क्लीनर वापरा. आतली काळी धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. ती फुप्फुसात जाते. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

पिना न बघता पॅड बदलू नका

बहुतेक छोट्या गाड्यांचा पुढचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर सरकतो. पिनेवरचं रबरी बूट फाटलं की खारं पाणी आत जातं, पिन गंजते, कॅलिपर सरकत नाही. मग पॅड तिरका घासतो आणि वाजतो. खूण सोपी आहे: आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी धरा. एक जास्त झिजला असेल किंवा उतरती झीज असेल तर पिना किंवा पॅड ढकलणारा पिस्टन अडकतोय. घरी आल्यावर चाकांना न लावता हात जवळ धरून बघा; एकच चाक जास्त तापत असेल तरी तोच संशय.

पिना साफ करायला गाडी सपाट, कडक जागेवर घ्या. पावसाळ्यात खळ्यातल्या मातीत जॅक रुततो, त्याखाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करा. गाडी जॅकवरच ठेवून काम करू नका, खाली स्टँड लावा. कॅलिपर सोडवला की तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. पिना ओढून पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने काढा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. वरची आणि खालची पिन अनेकदा वेगळी असते, अदलाबदल करू नका. पॅड ज्या खाचेत बसतो तिथला गंज वायर ब्रशने साफ केल्याशिवाय पॅड परत बसवू नका. मला विचाराल तर निम्मं काम त्या खाचेतच असतं.

नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबावा लागतो. तेव्हा ब्रेक ऑइल टाकीतून वर येऊन सांडू शकतं आणि ते रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

चाक बसवल्यावर इंजिन सुरू करून, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

घाट आणि हँडब्रेक

आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि खाली आल्यावर वाजतात. खालच्या गिअरवर उतरा. हा गुळगुळीत थर पातळ असेल तर सपाट फरशीवर ठेवलेल्या ओल्या सँडपेपरवर पॅड हलका घासता येतो. पॅडला तडे असतील तर बदला.

गणपतीनंतर गाडी आठवडाभर दारात उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील तर ड्रमच्या आतले लायनर (तिथले पॅडच म्हणा) गंजून चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना चिरे लावा. लायनर चिकटलेच, किंवा हँडब्रेक बटणाचा असेल, तर मागचं चाक घरी उघडू नका. बटणाच्या ब्रेकला बहुधा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो, ते काम मेकॅनिककडेच द्या.