सकारात्मक राहताना या चुका टाळा

इंदुरात ओळखीच्या माणसाला अडचण सांगितली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "टेन्शन मत लो भिया, सब बढ़िया होगा." मराठी घरात तेच "होईल गं सगळं नीट" असं येतं. दोन्हींमागे माया असते. उमेद टिकली की माणूस अडचणीतही उठून चार कामं उरकतो, मदत मागतो, पुन्हा प्रयत्न करतो. तरीही पुष्कळजण सकारात्मक राहायचा मनापासून प्रयत्न करतात, थोड्याच दिवसांत थकतात आणि "माझा स्वभावच नाही तसा" म्हणून सोडून देतात. स्वभाव क्वचितच आड येतो. बहुतेक वेळा पद्धत चुकलेली असते.

वाईट वाटतंय हे कबूलच न करणं

घरी दुकान बंद पडायच्या बेतात आहे, हप्ता थकलाय, आणि हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर "अगदी मजेत!" चारचौघींत असं म्हणणं समजू शकतो. पण स्वतःशीही तेच म्हणत राहिलं की त्रास सुरू होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. नंतर विचार करायची मोकळीक मिळाली, तेव्हा आधी विचार दाबलेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं.

म्हणून आधी नाव घ्या. "मन अस्वस्थ आहे" एवढ्याने भागत नाही. "दहा तारखेच्या हप्त्याची भीती वाटतेय" असं नेमकं म्हणा, एका विश्वासाच्या माणसाला सांगा किंवा कागदावर लिहा. भीतीला तारीख आणि रक्कम लागली की बँकेत जाऊन काय विचारायचं ते सुचायला लागतं.

एका अपयशाला जन्माचा निकाल समजणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, आणि सुधारायला सगळ्यांत सोपीही.

कॉलनीतल्या एक काकू दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. समजा, पहिल्याच घाण्याचे अनारसे तुपात हसले, पार विरघळून गेले. काकू झारा खाली ठेवून म्हणतात, "मला कधीच काही धड जमत नाही. हा धंदा आपला नव्हेच." आता हे वाक्य उलगडून बघा. "कधीच" म्हणजे हे कायमचं. "काही" म्हणजे आयुष्यातलं सगळंच. "मला" म्हणजे दोष पूर्ण माझा. अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी आशावादी आणि निराशावादी माणसांतला फरक नेमका इथेच दाखवला: संकट आल्यावर आपण त्याचं कारण स्वतःला कसं समजावतो. निराश माणूस कारणाला कायमचं, सर्वव्यापी आणि स्वतःचा दोष मानतो. आशावादी माणूस त्याला तात्पुरतं आणि त्या प्रसंगापुरतं मानतो.

काकूंच्या बाबतीत खरं कारण काय? गूळ जास्त झाला, पीठ सैल पडलं. थोडी तांदळाची पिठी मिसळा, एकच अनारसा सोडून बघा, बेतला तर पुढचे थापा. यात स्वतःची खोटी स्तुती कुठेच नाही. चूक जेवढी आहे तेवढीच मोजली आहे, वर चूक आपली आहे हेही मान्य केलंय. पुढच्या वेळी तोंडातून "नेहमीच", "सगळंच", "माझ्यामुळेच" निघालं की तिथेच थांबा आणि विचारा: आज, या कामात, नेमकं काय बिघडलं? मुलाला गणितात कमी गुण पडले तरी हाच प्रश्न. "तू गणितात कच्चाच" ऐवजी "अपूर्णांकाची उदाहरणं अडली का रे?" म्हणून बघा, पोरगं वही घेऊन बसतं.

गोड चित्र रंगवणं म्हणजेच तयारी, असं समजणं

इंदुरातल्या भंवरकुआँच्या बाजूला माळव्या-निमाडातून आलेली मुलंमुली खोल्या घेऊन एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करतात. भिंतीवर मोठ्या अक्षरात "डेप्युटी कलेक्टर" लिहिलेला कागद. कागद असू द्या. पण रोज अर्धा तास सरकारी गाडीची स्वप्नं बघण्यात गेला, तर मनाला वाटतं अर्धं काम झालं.

मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांचा 1991 चा अभ्यास इथे फार कामाचा आहे. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना "मला जमेल" असा विश्वास होता, त्यांचं वजन जास्त उतरलं. ज्या बारीक झालेल्या स्वतःची रम्य चित्रं रंगवत होत्या, त्यांचं कमी उतरलं. विश्वास उपयोगी पडला, दिवास्वप्न आड आलं.

उपाय ओटिंगेन यांच्याच पुढच्या कामातला: इच्छा ठरवा, ती पूर्ण झाली तर काय होईल ते बघा, मग लगेच आपल्यातला अडथळा शोधा आणि "असं झालं तर मी हे करीन" असं ठरवून टाका. लोकमान्य नगरातल्या एखाद्या मुलीचा अडथळा अभ्यासक्रम नसतोच मुळी. दुपारी जेवून फोन घेऊन आडवं पडलं की चार वाजतात, हा असतो. मग तिचं ठरणं असं हवं: ताट घासून झालं की फोन आईच्या कपाटात, आणि मी चालू घडामोडींची वही घेऊन जिन्यात.

आपल्या शहरानेही हेच केलं. केंद्र सरकार शहरांची स्वच्छता तपासून क्रम लावतं, त्या स्वच्छ सर्वेक्षणात 2016 मध्ये इंदूर 25 वं होतं, 2017 मध्ये पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. शहराचा अभिमान होताच, पण रस्त्यावरच्या कचरापेट्या हटवल्या, गाडी दारोदार आली आणि घराघरांत ओला-सुका वेगळा झाला, तेव्हा तो अभिमान कामाला लागला.

न पटणारी वाक्यं घोकणं

आरशासमोर उभं राहून "मी यशस्वी आहे, सगळ्यांना आवडतो" म्हणायची पद्धत खूप पसरली आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की ज्यांचा स्वतःवर मुळात विश्वास कमी आहे, त्यांना अशा वाक्यांनी आणखी वाईट वाटतं. मन आतून उलट साक्ष देत असतं. खरं असेल तेच म्हणा: "मागच्या मुलाखतीत घाबरलो, तरी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं."

कृतज्ञतेची वही लिहिणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. रोज तेच "आईवडील, आरोग्य, घर" लिहून ती कोरडी पडते. आठवड्यातून एकदा लिहा, पण बारकाव्यासकट: पावसात शेजारच्या दादांनी गाडी ढकलून दिली, ते.

आजारी माणसावर हसरेपणाची सक्ती

"हिंमत ठेव, मन खंबीर असलं की कॅन्सर पळतो" असं म्हणू नका, कृपा करून. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाचे हजाराहून अधिक रुग्ण तपासले, आणि मनःस्थिती चांगली असल्याने आयुष्य वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. आपल्या त्या वाक्याने रुग्णाच्या दुखण्यात अपराधीपणाची भर पडते: मी पुरेसा हसलो नाही म्हणून आजार वाढला. रडायचं असेल तर रडू द्या. "सोमवारी केमोला मी येते सोबत, डबाही आणते" एवढं बोललात तरी त्या घरात उमेद येईल.

औषधाची गरज असताना स्वभावाला दोष देणं

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे, आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नाही, अशा वेळी सुविचार पुरत नाहीत. हा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको असं मनात येत असेल तर एक दिवसही थांबू नका, घरच्यांना सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे: 14416 वर रात्री-अपरात्रीही फोन लावता येतो, पैसे लागत नाहीत, आणि हिंदीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.