एच. पायलोरीचे स्ट्रेन वेगळे कसे ओळखायचे
एकाच पेशंटच्या पोटात एच. पायलोरी या जठरात राहणाऱ्या बॅक्टेरियाचे वेगवेगळे स्ट्रेन (उपप्रकार) असू शकतात, म्हणून एकाच जागेच्या बायॉप्सीवर (जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा) भागत नाही, अँट्रम (जठराचा खालचा भाग) आणि कॉर्पस (मधला मोठा भाग) दोन्हीकडची घ्या, ट्यूब वेगळ्या ठेवा आणि थंड ट्रान्सपोर्ट मीडियात टाकून लगेच लॅब गाठा. ब्लड अ‍ॅगर प्लेट (रक्त घातलेलं, जंतू वाढवायचं माध्यम), ३७ डिग्री, ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास, मग ३ ते ७ दिवस गप बसायचं, उगाच झाकण उघडून बघायचं नाही. कॉलनी (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) एकदम बारीक, पारदर्शक, पाण्याच्या थेंबासारख्या. इथेच लोक घाई करतात, सगळं खरवडून एकत्र डीएनए काढतात, मग फरक दिसणार कुठून? सुट्ट्या कॉलनी उचला, युरिएज टेस्ट करून त्या एच. पायलोरीच्याच आहेत ना ते बघा. पुढे ७ जीन्सचं एमएलएसटी (त्या जीन्सचे डीएनए क्रम ताडून स्ट्रेन ओळखणं), शिवाय कॅगए (काही स्ट्रेनमध्येच असणारं जीन) आहे का तेही पीसीआरने बघा. बजेट असेल तर सरळ होल जीनोमच (जंतूचा सगळा डीएनए) वाचून काढा, जेमतेम १६ लाख बेसचा तर आहे.