फ्रीबीएसडीवर टीसीपीडंपची पॅकेट गळत असतील तर

टीसीपीडंप हा नेटवर्कवरची पॅकेट पकडणारा प्रोग्राम; फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर तो बंद केल्यावर शेवटी तीन आकडे येतात. त्यातला कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) टाकून दिलेल्या पॅकेटचा आकडा शून्य नसेल, तर हाती आलेली फाइल अपुरी आहे. लोक लगेच नेटवर्क कार्डाला दोष देतात, पण बऱ्याचदा बीपीएफचा, म्हणजे पॅकेट पकडून देणाऱ्या कर्नलमधल्या भागाचा, बफर (तात्पुरती साठवण) तोकडा असतो.

हा बफर दुहेरी असतो: एकात पॅकेट भरत राहतात, तोवर दुसरा प्रोग्राम वाचून रिकामा करतो. वाचायला उशीर झाला आणि दोन्ही भरले, की पुढचं सगळं वाया. टीसीपीडंपला कॅपिटल बी हा पर्याय देऊन बफर वाढवता येतो, आकडा किलोबाइटमध्ये. मेख अशी, की कर्नलची कमाल मर्यादा मुळात ५,२४,२८८ बाइट, म्हणजे ५१२ किलोबाइट. त्याहून जास्त मागितलं तर कर्नल मुकाट्याने तेवढंच देतो, चूक दाखवत नाही! म्हणून आधी रूट होऊन सिसकंट्रोल (sysctl) या कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने नेट डॉट बीपीएफ डॉट मॅक्सबफसाइझ ४१,९४,३०४ करा, मगच कॅपिटल बीने ४०९६ किलोबाइट मागा. पॅकेट अजून गळतात का, हे कॅप्चर चालू असताना नेटस्टॅट या कमांडला कॅपिटल बी देऊन बघा. ड्रॉपचा रकाना तिथेच असतो.

स्क्रीनवर छापत बसू नका, स्मॉल डब्ल्यूने थेट फाइलमध्ये लिहा. फक्त हेडर हवे असतील तर स्मॉल एसने प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइट पुरे. आणि पोर्ट किंवा होस्टचा फिल्टर सुरुवातीलाच लावा. तो कर्नलमध्येच चालतो, त्यामुळे नको ती पॅकेट बफरपर्यंत पोचतच नाहीत.