चितळं बागेत शिरतात? आधी हे करा
आमचं घर जंगलाला लागून, चितळं रात्री येऊन लिंबाचे कोवळे शेंडे पार साफ करतात. आधी चावा नीट बघा, हरणाला वरचे पुढचे दात नसतात त्यामुळे फांदी ओढून फाडल्यासारखी दिसते, सशाने खाल्लं असेल तर काप तिरका आणि एकदम स्वच्छ असतो. जुन्या साड्या बांधून थोडे दिवस फरक पडतो, पण मग त्यांना सवय होते. खरा उपाय जाळीच, 7-8 फूट उंच आणि खालून घट्ट दाबलेली. तेवढा खर्च झेपत नसेल तर निदान प्रत्येक रोपाभोवती 5 फुटी जाळीचा गोल करा, रोपापासून हातभर लांब, नाहीतर बाहेरून मान घालून खातातच. आणि कुंपणात लाईटचा करंट अजिबात सोडू नका प्लीज, त्यात माणसं मेलीयत.