मदरबोर्ड सुरू होत नसेल तर: आधी रॅमपाशी थांबा

बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘बोर्ड गेला, नवा टाका.’ मला या सल्ल्याची चीड येते. या अवस्थेत माझ्यासमोर आलेल्या बहुतेक मशीनचे बोर्ड ठणठणीत होते. रॅम अर्धवट बसलेली होती, चुकीच्या स्लॉटमध्ये होती, नाहीतर तिची जुळणी (बोर्ड तिचं टायमिंग ठरवतो ती) पूर्ण होण्याआधीच कोणीतरी घाईने मशीन बंद करत होतं. म्हणून बाकीची तपासणी झटपट उरकतो आणि रॅमवर सविस्तर लिहितो.

विंडोजचा लोगो दिसून मग मशीन अडकत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे दोष बहुधा डिस्कचा किंवा विंडोजचा असतो.

बटण दाबून काहीच हलत नाही

पॉवर सप्लायच्या मागचा स्विच आणि तिथून बोर्डला येणारा २४ पिनचा कनेक्टर पाहा. मग कॅबिनेटच्या बटणाची वायर बोर्डवरून काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मशीन सुरू झालं तर दोष बटणात आहे.

नाही झालं, तर पॉवर सप्लाय बोर्डपासून पूर्ण सोडवा, मेन बंद ठेवून २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि कुठलीही एक काळी तार वायरच्या तुकड्याने जोडा आणि मग मेन चालू करा. सगळ्याच तारा काळ्या असतील तर १६ क्रमांकाची पिन आकृतीवरून शोधा, अंदाजाने वायर खुपसू नका. पंखा फिरला म्हणजे सप्लाय चांगला, असं मात्र मानू नका. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६ आणि लाल तारेला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. तेवढं मिळूनही लोड आल्यावर सप्लाय कोलमडू शकतो, त्यामुळे शंका राहिली तर दुसरा सप्लाय लावून पाहणं हीच खरी परीक्षा. सप्लायचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

प्रोसेसरजवळचा ८ पिनचा कनेक्टर जोडलाय का? तो नसला तरी पंखे फिरतात आणि माणूस फसतो. ग्राफिक्स कार्डचा ८ पिनचा कनेक्टर दिसायला तसाच असतो, पण त्याच्या पिनांचे आकार वेगळे असतात; जोर लावावा लागत असेल तर तो चुकीचा आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्याला लावा, बोर्डला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, त्यांत अंगचे ग्राफिक्स नसतातच.

आता बोर्डवरचे चार बारीक दिवे पाहा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क). लागून विझणाऱ्या दिव्याकडे लक्ष देऊ नका, जो लागून राहतो तो महत्त्वाचा. दिवे नसलेल्या बोर्डला छोटा बझर लावा. बीपचे अर्थ बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) बनवणाऱ्यागणिक बदलतात, ते मॅन्युअलमध्येच पाहा.

माझी सगळ्यात आवडती चाचणी इथे येते. मशीन बंद करून सगळी रॅम काढा आणि चालू करा. डीरॅमचा दिवा लागून राहिला किंवा बझर तक्रार करू लागला, तर प्रोसेसर बायोसचा कोड चालवतो आहे. म्हणजे ज्या बोर्डला लोक मृत ठरवत होते तो जिवंत आहे.

रॅम: इथे घाई करायची नाही

डिस्क, यूएसबी, जादा कार्डं, सगळं काढा. प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच काडी ठेवा. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला लागत असेल तरच. प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल.

चार स्लॉटच्या बोर्डवर एकटी काडी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये जाते. ‘पहिल्यापासून भरत जा’ हा सल्ला ऐकू नका. बऱ्याच बोर्डांवर सिग्नलची रेघ पहिल्या स्लॉटवरून दुसऱ्यापर्यंत जाते. काडी पहिल्यात बसवली तर पुढचं मोकळं टोक सिग्नल परतवतं आणि जुळणी बिघडते.

बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबा. हल्लीच्या बऱ्याच स्लॉटना एकाच बाजूला खटका असतो. तो वाजला की लोक हात काढतात आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. आवाजावर विश्वास ठेवू नका. टॉर्च घेऊन बाजूने पाहा, काडीची कड स्लॉटशी शेवटपर्यंत समांतर दिसली पाहिजे.

खोडरबराने संपर्क घासायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, मी तो कधीच सुचवत नाही. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, रबर तो झिजवतो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड पुरे. पूर्ण सुकू द्या, मगच बसवा.

आणि आता थांबा. डीडीआर५ (अलीकडच्या पिढीची) रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमचं टायमिंग स्वतः जुळवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. काही बोर्डांवर यात कित्येक मिनिटं जातात, तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते आणि डीरॅमचा दिवा लागलेला दिसतो. मध्येच बंद केलंत तर सगळं पहिल्यापासून. १५ मिनिटं मशीनला हात लावू नका, रिसेटलाही नाही.

याच कारणासाठी ‘दर वेळी सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग्ज) क्लिअर करा’ हा सल्ला घातक आहे, कारण क्लिअर केलं की जुळणीचे साठवलेले आकडेही जातात. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग्ज) चालू केल्यावर बिघाड आला असेल तर क्लिअर जरूर करा: प्लग काढून, जंपरने किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून. पण एकदाच, आणि त्यानंतर पुन्हा थांबायची तयारी ठेवा.

तरीही काही नाही? मग प्रत्येक काडी एकटी, प्रत्येक स्लॉटमध्ये. एकच काडी सगळीकडे अडत असेल तर ती खराब. सगळ्या काड्या एकाच स्लॉटमध्ये किंवा एकाच चॅनलवर (प्रोसेसरला एकत्र जोडलेल्या स्लॉटच्या गटावर) अडत असतील तर लोक स्लॉटला दोष देतात, मी आधी सॉकेटकडे, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेकडे पाहतो. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला किंवा सॉकेटची एखादी पिन वाकली, तर नेमका एक चॅनल गायब होतो. कूलर काढा, प्रोसेसर पुन्हा बसवा, नवी पेस्ट लावा, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा.

उरलेलं

बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर चालवून पाहा. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर विद्युतवाहक असू शकतो. बाहेर सुरू झाला तर कॅबिनेटमध्ये बोर्डखाली बहुधा एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा खुंट) टेकतो आहे.

प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा असेल तर बायोस तपासा. उदाहरणार्थ, एएमडीचे बी४५० चिपसेटचे बोर्ड जुन्या बायोसवर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर ओळखतच नाहीत. फ्लॅशबॅकचं बटण असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर ठेवून प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो. काम चालू असताना वीज तोडू नका.

रॅम काढूनही एकही दिवा किंवा बीप नाही आणि पॉवर सप्लाय बदलून झालाय, तरच संशय बोर्ड आणि प्रोसेसरवर येतो. आधी तुमचा प्रोसेसर चालू असलेल्या दुसऱ्या बोर्डमध्ये लावून पाहा. उलट करायचं असेल, म्हणजे चांगला प्रोसेसर संशयित बोर्डमध्ये घालायचा असेल, तर सॉकेट आधी भिंगाखाली तिरप्या उजेडात तपासा आणि वाकडी किंवा काळवंडलेली पिन दिसली तर तो प्रोसेसर आत घालू नका.