गावच्या घरात जॅझ-इलेक्ट्रॉनिक संगीत करताय? या चुका टाळा

गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या जुन्या घरात स्टुडिओ थाटला की मित्रमंडळी आधी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवतात. ट्रेमुळे फार तर वरची किणकिण थोडी कमी होते, बासवर, म्हणजे खालच्या जाड आवाजावर, काही परिणाम नाही. साडेतीन मीटर लांब खोलीत ४९ हर्ट्झच्या आसपासचा बास भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध गायब होतो. बास गिटारच्या जाड तारेवरचा जी नेमका तिथेच येतो. तेव्हा खोलीच्या मध्यावर बसून मिक्स करू नका. कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा, ट्रेपेक्षा बरं.

स्पीकरमधून घुंऽ ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या, बॅलन्स्ड केबल (बाहेरची घरघर गाळणारी) वापरा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारा एक जण प्रत्येक गावात असतो. त्याचं ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

सगळ्यात जास्त गाणी मात्र बफरपायी (लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्यापूर्वी साठवून ठेवतो तो तुकडा) बिघडतात, आणि खापर फुटतं वाजवणाऱ्यावर. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (आवाजाचे नमुने) धरले तर, ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला जवळजवळ ११ मिलिसेकंद, येऊन-जाऊन त्याच्या दुप्पट. कीबोर्डवाल्याला आपला स्वर उशिरा ऐकू येतो, म्हणून तो नकळत पुढे पळतो. मग कोणीतरी सगळं १०० टक्के क्वांटाइझ करतो, म्हणजे प्रत्येक स्वर ग्रिडवर, तालाच्या आखीव रेषांवर, खेचून बसवतो आणि जॅझ तिथेच संपतो. रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा ६४ ठेवा, लॅपटॉप कडकडला तर जड सिंथचे (इलेक्ट्रॉनिक स्वर तयार करणाऱ्या वाद्याचे) ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा तयार ऑडिओ करून ठेवा. मिक्सच्या वेळी खुशाल वाढवा.

स्विंगही, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा टाकणं, जपून. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास ट्रिपलेट (ठोक्याचे तीन समान भाग). माझ्या कानाला ५४ ते ५८ पुरतं. लूपमध्ये (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्यात) आधीच स्विंग असेल तर वर सॉफ्टवेअरचा चढवू नका. ड्रम ग्रिडवर असू देत, कीबोर्ड आणि सॅक्सोफोन हाताने वाजलेत तसेच ठेवा.

कॉर्ड गढूळ वाटतात? बहुधा डाव्या हाताने मूळ स्वर बडवला जातोय. सी मायनर नाइन असेल तर सी बास गिटारवर सोडा. कीबोर्डवर ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, डी एवढेच. हे सांगितलं की कीबोर्डवाले रुसतात, रुसू देत.

घरातली पेटी घ्यायची तर सिंथ पेटीला जुळवा, कारण पेटीच्या पट्ट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला असतीलच असं नाही आणि ती स्क्रीनवरून फिरवता येत नाही. घुमटाचं (मातीच्या घटावर चामडं ताणलेलं गोव्याचं तालवाद्य) चामडं पावसाळी हवेत सैल पडतं, म्हणून ते रेकॉर्डिंग कोरड्या दिवसांत उरका. जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असताना माइक उघडा ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा प्रोग्रॅमिंग करा. कंडेन्सर माइक सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ठेवा.

एक जण पणजीत, दुसरा पेडण्यात असेल तर फायली पाठवण्यापूर्वी सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) ठरवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ समजून वाजली तर सूर सुमारे दीड सेमीटोन चढतो, तालही धावतो. प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीपासून, एक्सपोर्ट करा, सुरुवातीला शांतता असली तरी, आणि फाइलच्या नावात टेम्पो लिहा.